वाचक विचारतात : कुराण हाती घेताना

या महिन्याच्या टपालात कुराणाविषयीची आणि मुस्लिम शेजाऱ्यांच्या रीतींविषयीची पत्रे जास्त आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. संदर्भ देताना आधी सूरेचा (अध्यायाचा) क्रमांक आणि मग आयतीचा (वचनाचा) दिला आहे. 9:5 म्हणजे नववी सूरा, पाचवी आयत. कुठल्याही भाषांतरात ते ताडून पाहता येतील.

कुराणाचे मराठी भाषांतर पहिल्या पानापासून वाचायला घेतले. पन्नासेक पानांत आदम, मूसा, रोजे, तलाक, व्याज असे सगळे एकामागून एक आले. कथा सुरू होते आणि अर्ध्यात सुटते. माझे काय चुकते आहे? — एक वाचक, नाशिक

सुरुवातीची जागा चुकली, एवढेच. कुराणातल्या 114 सूरा काळाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. सात आयतींची अल-फातिहा पहिली आणि तिच्यानंतर साधारणपणे मोठीकडून लहानीकडे, अशी मांडणी आहे. दुसरी सूरा अल-बकरा 286 आयतींची, सगळ्यांत मोठी. शेवटच्या सूरा तीन-चार ओळींत संपतात. पैगंबरांना संदेश मिळू लागला तो 610 च्या सुमारास मक्केत. 622 मध्ये ते मदिनेला गेले आणि 632 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तो येत राहिला. मक्केतल्या सूरा बऱ्याचशा लहान, धारदार. एकच ईश्वर आणि कयामतचा हिशेब या दोन गोष्टी त्या पुन्हापुन्हा बजावतात. मदिनेत मुसलमानांचा समाज उभा राहिला, म्हणून तिथल्या सूरांत वारसा, लग्न, कर्ज, तह, युद्ध यांचे नियम येतात. रूढ गणनेत 86 सूरा मक्की आणि 28 मदनी. पहिल्या पानापासून वाचणारा थेट मदिनेच्या कायद्यात जाऊन पडतो. तो कायदा ज्या श्रद्धेवर उभा आहे, ती त्याला पुस्तकाच्या शेवटी भेटते.

तेव्हा असे करा. आधी अल-फातिहा. रोजच्या नमाजेत प्रत्येक रकातीला, म्हणजे नमाजेच्या प्रत्येक आवर्तनात, म्हणतात ती हीच. मग कुराणाच्या तीस भागांपैकी शेवटचा, तिसावा पारा घ्या, म्हणजे सूरा 78 ते 114, आणि तो शेवटून पुढे वाचा. यात 96 वी सूरा येईल. तिच्या पहिल्या पाच आयती हा सर्वांत पहिला संदेश मानला जातो. 112 वी सूरा चार आयतींची आहे आणि इस्लामची ईश्वरकल्पना तिच्यात जवळजवळ पूर्ण येते. त्यानंतर 12 वी सूरा, यूसुफ. एक संपूर्ण कथा सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग सांगणारी हीच मोठी सूरा. 111 आयती, एका बैठकीत होतात. पुढे 19 (मरयम), 20 (ताहा), 26 (शुअरा). अर्धवट सुटलेल्या कथांचे कोडे इथे उलगडेल. मूसाचे (बायबलातल्या मोशेचे) नाव कुराणात सव्वाशेहून अधिक वेळा येते, पण त्याचे चरित्र कुठेही एका जागी सांगितलेले नाही. ऐकणाऱ्याला कथा ठाऊक आहे असे धरून कुराण तिच्यातला हवा तो प्रसंग उचलते. मूसाचे धागे 7, 20, 26 आणि 28 या चार सूरांतून जुळवले तर बरेचसे चित्र तयार होते.

एवढे झाल्यावर अल-बकरेकडे परत या, आणि ती तुकड्यांनी वाचा. 30 ते 39 आदम. 40 पासून पुढे बराच वेळ इस्राएलच्या वंशजांशी बोलणे. 124 ते 141 इब्राहीम आणि काबा. 142 ते 150 नमाजेची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळते. 183 ते 187 रोजे. 196 ते 203 हज. 226 ते 242 तलाक आणि त्यानंतरची देणीघेणी. 275 ते 281 व्याज. 282 वी आयत कर्जाचा कागद कसा करावा, साक्षीदार किती, लिहिणारा कसा असावा हे सांगते आणि ती कुराणातली सर्वांत लांब आयत आहे. भारतात छापलेल्या अरबी प्रतींत समासात ‘ऐन’ अक्षराची खूण दिसते. तो रुकू, म्हणजे आशयाचा एक तुकडा संपल्याची जागा. त्या खुणेवरचा आकडा सूरेतला कितवा रुकू ते सांगतो, मधला त्यात किती आयती आहेत ते आणि खालचा पाऱ्यातला कितवा रुकू ते. अल-बकरेत असे 40 रुकू आहेत. रोज एक-दोन पुरेत.

दोन अडखळणी आधीच सांगून ठेवतो. ईश्वर स्वतःविषयी कधी ‘आम्ही’, कधी ‘मी’, कधी ‘तो’ असे बोलतो, अनेकदा एकाच आयतीत. ‘आम्ही’ हे मोठेपणाचे आहे, बोलणारे अनेक नाहीत. ‘सांग’ असे वाक्य आले की ते पैगंबरांना उद्देशून समजावे. आणि 29 सूरांच्या आरंभी ‘अलिफ लाम मीम’सारखी सुटी अक्षरे येतात. त्यांचा अर्थ भाषांतरात दिला नाही म्हणून भाषांतरकाराला दोष देऊ नका. भाष्यकारांचेही त्यावर एकमत नाही.

भाषांतर कोणते घ्यावे? बाजारात आणि फुकट वाटपातही बरीच दिसतात. — एक वाचक, लातूर

फुकट मिळालेलेही चालेल, पण आधी चार गोष्टी पाहा. प्रत्येक आयतीला क्रमांक आहे का? नसेल तर संदर्भ ताडता येत नाहीत. भाषांतरकाराने घातलेले जादा शब्द कंसात वेगळे दाखवले आहेत का? भाषांतर थेट अरबीवरून आहे की उर्दू किंवा इंग्रजीवरून? आणि प्रकाशक कोणत्या विचारधारेचा आहे? जमात-ए-इस्लामी, बरेलवी, अहले-हदीस, अहमदिया यांच्या प्रतींतल्या टिपा एकमेकींपासून दूर जातात, मूळ अरबी मात्र सगळ्यांचे एकच. निवड करताना 2:256, 4:34 आणि 9:5 या तीन आयती दोन प्रतींत शेजारी ठेवून वाचा. भाषांतरकार कुठे सौम्य करतो आणि कुठे कडक, हे पाच मिनिटांत कळते.

इंग्रजी चालत असेल तर मार्मड्यूक पिक्थॉल (1930) जुना पण शब्दाला धरून चालणारा. हे गृहस्थ 1920 ते 1924 मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते आणि नंतर निजामाच्या हैदराबादेत राहिले. एम. ए. एस. अब्दुल हलीम (2004) वाचायला सोपे, आणि प्रत्येक आयतीत कोण कोणाशी बोलते ते स्पष्ट करणारे. विनोबांचे ‘कुराण-सार’ अनेकांकडे असते. ते विषयवार निवडलेल्या आयतींचे संकलन आहे. सुरेख आहे, पण त्यात मागचीपुढची आयत दिसत नाही. पूर्ण प्रत शेजारी ठेवूनच वाचावे.

जुन्या युरोपीय पुस्तकांतले संदर्भ जुळले नाहीत तर गोंधळू नका. ते गुस्ताव फ्लूगेलच्या 1834 च्या आवृत्तीप्रमाणे असतात. आज सर्वत्र चालणारी 6236 आयतींची गणना 1924 च्या कैरो आवृत्तीने रुळवली. चार-सहा आयती मागेपुढे शोधा, सापडेल.

व्हॉट्सॲपवर ‘मूर्तिपूजक दिसतील तिथे मारा’ ही कुराणाची आज्ञा म्हणून सारखी येते. खरेच असे लिहिले आहे का? मुस्लिम मित्र म्हणतो, संदर्भ पाहा. कोणता संदर्भ? — दोन वाचक, सोलापूर आणि अकोला

लिहिले आहे, 9:5 मध्ये. नुसते ‘संदर्भ पाहा’ म्हणणारा मित्र आणि तेवढेच वाक्य पाठवणारा, दोघेही पुरते सांगत नाहीत.

नववी सूरा, अत-तौबा, उशिराची मदनी सूरा आहे. आरंभी बिस्मिल्लाह (‘ईश्वराच्या नावाने’ हे वाक्य) नसलेली ही एकच. मक्का मुसलमानांच्या ताब्यात आली 630 मध्ये. त्यानंतरच्या वर्षी, हजच्या वेळी या सूरेतल्या सुरुवातीच्या आयती जाहीर वाचून दाखवण्यात आल्याचे परंपरा सांगते. पहिल्या आयतीपासून वाचा. 9:1 म्हणते की ज्या मूर्तिपूजकांशी तह होते त्यांच्याशी ते संपले. 9:2 त्यांना चार महिन्यांची मुदत देते. 9:4 अपवाद करते: ज्यांनी तह मोडला नाही आणि तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांचा तह मुदतीपर्यंत पाळा. मग 9:5 येते: मुदत संपली की मारा, पकडा, वेढा घाला, पण त्यांनी पश्चात्ताप केला, नमाज धरली, जकात (धर्माने बंधनकारक केलेले दान) दिली तर वाट मोकळी करा. 9:6 : त्या मूर्तिपूजकांतला कुणी आश्रय मागेल तर द्या, त्याला ईश्वराचे वचन ऐकू द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा. 9:13 मध्ये कारण येते: यांनी शपथा मोडल्या, पैगंबराला हुसकावण्याचा बेत केला आणि पहिला वार यांनीच केला.

आयत एका युद्धातल्या ठराविक पक्षाविषयी आहे हे इथवर स्पष्ट होते. तरी प्रश्न इथे संपत नाही, आणि मित्र तो टाळत असेल तर चूक करतो. ‘नस्ख’ या तत्त्वाप्रमाणे उशिराची आयत आधीच्या आयतीचा नियम रद्द करू शकते. मध्ययुगातल्या काही भाष्यकारांनी 9:5 ने सलोख्याच्या शंभराहून अधिक आयती रद्द झाल्या असे मांडले. दुसरा प्रवाहही तितकाच जुना आहे. पंधराव्या शतकातल्या अस-सुयूतीने रद्द आयतींची एकूण यादी विसाच्या आसपास आणली. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी ती पाचवर आणली. आजचे बहुसंख्य भारतीय उलेमा (धर्मशास्त्राचे जाणकार) 9:5 ला त्या काळापुरती मानतात आणि 60:8 पुढे ठेवतात: धर्मासाठी जे तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरांतून काढले नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागण्यास ईश्वर मना करत नाही. अतिरेकी संघटना मात्र 9:5 तोडूनच वापरतात, आणि द्वेषाचे संदेश फिरवणाराही ती नेमकी त्याच जागी तोडतो.

उलट दिशेनेही तोडातोड चालते. ‘एका माणसाला मारणे म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणे’ हे वाक्य सभांमधून ऐकवले जाते. ते 5:32 आहे. ते इस्राएलच्या वंशजांना घातलेल्या नियमाच्या रूपात येते, खुनाचा बदला आणि पृथ्वीवर उत्पात हे त्याला अपवाद आहेत, आणि 5:33 त्या उत्पाताला सुळावर चढवणे, हातपाय तोडणे, हद्दपारी अशा शिक्षा सांगते. म्हणून कोणतीही एकटी आयत हाती आली, मग ती गोड असो वा कडू, तिच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच आयती वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका.

पाच वेळची नमाज कुराणात कुठे सांगितली आहे? शोधूनही सापडली नाही. — एक वाचक, कोल्हापूर

‘पाच’ हा आकडा तिथे नाहीच. नमाज धरा, ही आज्ञा वारंवार आहे. 11:114, 17:78, 20:130 मध्ये दिवसाच्या वेळांचा उल्लेख आहे, 24:58 मध्ये फजर (पहाटेची) आणि इशा (रात्रीची) ही नावे आहेत. पाच वेळा, फजरला दोन, जोहरला (दुपारी) चार, असरला (तिसऱ्या प्रहरी) चार, मगरिबला (सूर्यास्तानंतर) तीन, इशाला चार अशा 17 फर्ज (अनिवार्य) रकाती, हे सगळे हदीस आणि अखंड चालत आलेला प्रघात यांतून येते. वुजूची, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याची, रीत मात्र 5:6 मध्ये थेट दिली आहे.

हा भेद पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो. कुराण पहिले. मग हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी. सुन्नी परंपरेत सर्वांत मान्य संग्रह बुखारीचा, त्यांचे निधन 870 मध्ये झाले. त्यावर फिकह, म्हणजे शास्त्रकारांनी बसवलेला कायदा. आणि सगळ्यांच्या खाली गावोगावचा रिवाज. सुंता कुराणात नाही, हदीसमध्ये आहे. व्यभिचाराला दगडांनी मारण्याची शिक्षा कुराणात नाही. 24:2 शंभर फटके सांगते. जकातचा अडीच टक्के दर कुराणात नाही, ती कुणाला द्यावी ते 9:60 मध्ये आहे. डुकराचे मांस निषिद्ध, हे 2:173 मध्ये सरळ आहे. दारूबद्दल 2:219, 4:43 आणि 5:90 या क्रमाने निर्बंध चढत गेलेले दिसतात.

एका दमात दिलेला तीन तलाक याच भेदावर उभा होता. 2:229 मध्ये तलाक दोनदा आणि मग नीट ठेवून घेणे किंवा भलेपणाने सोडणे असे आहे, 65:1-2 मध्ये इद्दत (तलाकनंतर बाईने थांबायचा काळ) मोजणे आणि दोन साक्षीदार आहेत, 4:35 मध्ये दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितले आहे. हनफी (चार सुन्नी पंथांपैकी एक) फिकहने एका दमातला तलाक पाप मानला, पण लागू धरला. अहले-हदीस तो एकच धरतात. इजिप्तने 1929 मध्येच कायद्याने एक धरला. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला तो या प्रश्नावर. असा तलाक रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 22 ऑगस्ट 2017 चा, कायदा 2019 चा.

पुढच्या वेळी कुणी ‘आमच्यात असेच असते’ म्हणाले तर विचारा, हे कुराणात आहे, हदीसमध्ये आहे, की घरचा रिवाज? बऱ्याचदा सांगणाऱ्यालाही शोधावे लागते.

आमच्याकडचे कोकणी मुस्लिम तिसऱ्या, कालवं आवडीने खातात. मालेगावचा सहकारी हात लावत नाही, म्हणतो मकरूह (टाळावे असे). दोघेही सुन्नी. मग? — एक वाचक, चिपळूण

रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत. अरबी समुद्रावरच्या व्यापारातून किनाऱ्याला लागलेला हा पंथ. केरळातले मोपलाही शाफईच. घाटावरचे आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. पाण्यातल्या जीवांपैकी हनफी फक्त माशाला हलाल मानतात. तिसऱ्या, कालवं, खेकडा त्यात बसत नाही. कोळंबी मासा की नाही यावर हनफी उलेमांतच वाद आहे, त्यामुळे काही घरांत चालते आणि काहींत नाही. शाफई समुद्रातच राहणारे जवळजवळ सगळे खातात. खेकडा पाण्यात आणि जमिनीवरही राहतो, म्हणून त्याच्याबद्दल मात्र त्यांच्यातही दोन मते आहेत. जेवायला बोलावताना ‘मासे चालतात ना’ एवढे विचारून भागत नाही.

नमाजेतही फरक दिसेल. शाफई ‘आमीन’ मोठ्याने म्हणतात, रुकूच्या (इथे नमाजेत कमरेत वाकण्याच्या) आधी आणि नंतर हात उचलतात, फजरला कुनूत नावाची दुआ (प्रार्थना) म्हणतात. असरची वेळ शाफईंची आधी होते: सावली वस्तूच्या उंचीइतकी वाढली की. हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. मोबाइलवरच्या नमाजेच्या ॲपमध्ये हा पर्याय निवडावा लागतो, आणि तो चुकला की शेजारच्या मशिदीची अजान आणि ॲप यांचा मेळ बसत नाही. यातला कुणीही दुसऱ्याला चूक ठरवत नाही. चारही सुन्नी पंथ एकमेकांना मान्य आहेत.

जकातीसाठी साडेसात तोळे सोने ही मर्यादा ऐकली. म्हणजे 75 ग्रॅम? मैत्रीण दागिन्यांवर देते, तिची रत्नागिरीची जाऊ देत नाही. — एक वाचक, जळगाव

75 ग्रॅम नव्हे. सराफ आज 10 ग्रॅमचा तोळा धरतात. निसाबचा (जकात लागू होण्याच्या मर्यादेचा) तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. साडेसात तोळे म्हणजे 87.48 ग्रॅम सोने. साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे 612.36 ग्रॅम. फक्त सोनेच असेल तर सोन्याची मर्यादा लागते. सोन्याबरोबर रोकड, बँकेतली शिल्लक, विक्रीचा माल असे काही असेल तर हनफी मते सगळ्याची एकत्र किंमत चांदीच्या निसाबशी ताडतात. ती मर्यादा फार खाली आहे, म्हणून दोन-तीन तोळे सोने आणि थोडी शिल्लक असलेल्या बाईवरही जकात येते. इथेच सर्वाधिक चुका होतात.

निसाब गाठल्यापासून एक हिजरी वर्ष पूर्ण झाले की चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के. 100 ग्रॅम सोन्यावर अडीच ग्रॅमची त्या दिवसाची किंमत. दागिन्याची मजुरी धरायची नाही, खड्यांचे वजन वजा करायचे. राहते घर, वापरातली गाडी, भांडीकुंडी यांवर जकात नाही. आईवडील, मुले, नातवंडे यांना ती देता येत नाही. गरजू भाऊ-बहिणीला देता येते. हनफी मताने मशिदीच्या बांधकामालाही चालत नाही, कारण ती कुणा माणसाच्या मालकीची करून द्यावी लागते. बिगरमुस्लिमाला बहुतेक शास्त्रकार जकातीऐवजी सदका (स्वेच्छेचे दान) द्यायला सांगतात. सदक्याला धर्माची अट नाही.

जाऊबाईंचे उत्तर वरच्या पत्रात आहे. त्या बहुधा शाफई असाव्यात. शाफई मताने अंगावर वापरायच्या, बेताच्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मताने आहे.

मुस्लिम शेजारीण म्हणते, आम्हीही येशूला मानतो आणि मरियेला तर फारच. पण नाताळ ते पाळत नाहीत. नेमके काय मानतात? — एक वाचक, मडगाव

शेजारणीचे म्हणणे खरे आहे. ईसाचे (येशूचे) नाव कुराणात 25 वेळा येते, आणि नावाने उल्लेख झालेली एकच स्त्री आहे, ती मरयम. 19:16 ते 34 वाचा. कुमारी मरयम, देवदूताचा निरोप, एकटीने दूर जाणे, खजुराच्या बुंध्याशी प्रसूतीच्या कळा, झाड हलवून खाली पडलेले ताजे खजूर, आणि लोक बोल लावू लागल्यावर पाळण्यातल्या बाळाने दिलेले उत्तर. योसेफ, गव्हाण, मेंढपाळ यांतले काही नाही. ईसाने आंधळ्यांना दृष्टी दिली, मेलेले उठवले, मातीच्या पक्ष्यात प्राण फुंकला (3:49). 4:171 त्याला ईश्वराचे वचन म्हणते.

फरक पुढे आहे. तो पैगंबर आहे, पुत्र नाही. 4:157 म्हणते की त्याला मारले नाही, सुळावरही दिले नाही, त्यांना तसे भासवले गेले. आणि मुळातला भेद त्याच्याही आधीचा आहे, आदमपाशी. 2:37 नुसार आदमने क्षमा मागितली आणि त्याला ती मिळाली. त्याचे पाप कुणाकडे वारशाने आलेच नाही, म्हणून ते फेडायला कुणी बळी जाण्याची गरज उरत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत क्रूस ज्या जागी आहे, ती जागाच इस्लाममध्ये नाही. ईसा परत येईल हे मात्र बहुतेक मुसलमान मानतात, मुख्यतः हदीसच्या आधाराने. नाताळला शुभेच्छा देण्यावरून उलेमांत दोन तट आहेत. शेजारणीने केक घेतला नाही तर तो राग समजू नका.

रद्दीच्या गठ्ठ्यात अरबी अक्षरांची पाने आली. कुराणाची असतील तर काय करावे? — एक वाचक, पुणे

आधी ओळखा. कुराणाच्या पानात प्रत्येक अक्षरावर-खाली स्वरांच्या बारीक खुणा असतात, आयतीच्या शेवटी गोल चिन्ह असते, मजकुराभोवती बहुधा चौकट आणि वर सूरेचे व पाऱ्याचे नाव. उर्दू वर्तमानपत्रात स्वरखुणा जवळजवळ नसतात, आणि ट, ड, ड़ या अक्षरांच्या डोक्यावर छोटे ‘तोय’ दिसते. अरबीत ही अक्षरेच नाहीत. लग्नपत्रिका, कॅलेंडर यांवरही आयती छापतात, ती पानेही त्यातच धरा.

अशी पाने वजनावर विकू नका, बांधणीला किंवा पुड्यांना वापरू नका. स्वच्छ कापडात किंवा पिशवीत बांधून जवळच्या मशिदीत द्या. अनेक ठिकाणी त्यासाठी पेटी असते. मशीद नसेल तर कब्रस्तानचे विश्वस्त घेतात. ते लोक पाने पायदळी न येणाऱ्या जागी पुरतात किंवा वजन बांधून खोल पाण्यात सोडतात. वजन न बांधता सोडलेली पाने काठाला लागतात आणि मग गावात भलताच गैरसमज होतो. जाळू मात्र नका. खलीफा उस्मान यांनी प्रमाण प्रत ठरवल्यावर इतर प्रती जाळल्याची नोंद आहे आणि काही शास्त्रकारांना तो मार्ग मान्यही आहे, पण अर्धवट जळालेले पान रस्त्यावर दिसले की हेतू कुणी विचारत नाही.

मित्राने कुराणाची प्रत भेट दिली. आम्ही मुस्लिम नाही. हात लावावा का, कुठे ठेवावी? — एक वाचक, ठाणे

फक्त अरबी असलेल्या प्रतीला वुजूशिवाय हात लावू नये, असे बहुतेक शास्त्रकार 56:79 च्या आधाराने म्हणतात. भाषांतराला हा नियम लागत नाही, आणि मित्राने दिली ती बहुधा भाषांतराचीच असेल. हात धुऊन घ्या. जमिनीवर, पायांकडे किंवा इतर पुस्तकांच्या खाली ठेवू नका. वरच्या फळीवर ठेवा. वाचताना रेहल (ग्रंथ उघडून ठेवायची घडीची लाकडी चौकट) असली तर उत्तम, नसली तर टेबल चालते.

ईद दरवर्षी अलीकडे का सरकते? शाळेच्या परीक्षा ठरवताना पंचाईत होते. — एक मुख्याध्यापक, परभणी

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, 354 किंवा 355 दिवसांचे. इंग्रजी वर्षाच्या मानाने दहा-अकरा दिवस मागे येते आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात. आपल्या पंचांगात अधिक मास घालून महिने ऋतूंशी बांधून ठेवतात. इस्लामपूर्व अरबही महिने असे पुढेमागे करत. 9:37 ने ते बंद केले. 2030 मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस.

वेळापत्रकासाठी लक्षात ठेवा: तारीख सूर्यास्ताला बदलते. रमजान ईद आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावरच ठरते, म्हणून कॅलेंडरमधल्या दिवसाच्या मागचा-पुढचा असे दोन्ही दिवस पेपरशिवाय ठेवा. बकरी ईद जिलहिज्ज या हिजरी महिन्याच्या दहा तारखेला येते, ती नऊ-दहा दिवस आधी पक्की कळते. दाऊदी बोहरा गणिती पंचांग पाळतात, त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी असते. वर्गात बोहरा मुले असतील तर त्यांच्या पालकांना सत्राच्या सुरुवातीलाच तारखा विचारून घ्या, त्यांना त्या वर्षभराच्या आधीच ठाऊक असतात.